माणगा बांबूचं बाकडं करायचंय, भुंगा लागू नये म्हणून काय करू?

पडवीतला: गाव कणकवलीजवळ, राहतो पुण्यात. घरामागे माणग्याचं जुनं बेट आहे. त्यातलेच बांबू तोडून पडवीत तिघं बसतील असं बाकडं करायचंय. शेजारच्या काकांनी जत्रेतून आणलेल्या स्टुलाखाली वर्षभरात पीठ सांडायला लागलं, म्हणून धास्ती. दिवाळीच्या सुट्टीत तोडले तर चालतील? वरच्या जंगलातले दोन-चार आणले तर?

गिरमिट: दिवाळीत तोडा, पण बसायला शिमग्याला या.

भुंगा येतो तो बांबूतल्या पिष्टासाठी. पावसात नवे कोंब वाढवताना बेटाचं पिष्ट खर्ची पडतं, म्हणून तोड पावसानंतर. निवडायचा 3-4 वर्षांचा बांबू. हिरवागार तुकतुकीत दिसतो तो कोवळा. वाळला की आक्रसतो आणि सांधे खिळखिळे होतात. जून बांबूचा रंग उतरलेला असतो, अंगावर पांढुरके डाग असतात. कोयत्याच्या पाठीने ठोकून बघा, आवाजातच कळतं. तोडताना पहिल्या पेराच्या लगेच वर तोडा. खुंटात पाणी साचलं की बेट कुजतं.

माणगा बुंध्याला जवळजवळ भरीव, त्यामुळे पायांना उत्तम. पण औषध सावकाश मुरतं. म्हणून आधी मापाचे तुकडे करा आणि ओले असतानाच बुडवा. 100 लिटर पाण्याला 3 किलो बोरॅक्स, 2 किलो बोरिक ॲसिड, निदान दोन आठवडे. टाकी झाकून ठेवा, गुरं तोंड घालतात. उरलेलं पाणी विहिरीच्या किंवा भाजीच्या आसपास ओतू नका. मग सावलीत उभे करून महिनाभर वाळवा.

खिळा थेट ठोकलात तर बांबू उभा चिरणार. गिरमिटाने भोक पाडून वाळक्या बांबूचीच खुंटी मारा. आडव्या बांबूचं टोक कानशीने अर्धगोल घासून उभ्याला घट्ट बसवा. सगळी ताकद त्या बसण्यात आहे, वरची दोरी निव्वळ शोभेची.

व्हाळाकाठी: आमचे आजोबा औषधाबिषधाच्या भानगडीत पडत नसत. बांबू महिनाभर व्हाळात, म्हणजे ओढ्यात, दगडाखाली दाबून ठेवायचे. वास असा सुटायचा की विचारू नका! पण पीठ पडलेलं आठवत नाही. आणि तोड अमावास्येच्या सुमारास, काळोखात.

गिरमिट: पाण्यात पिष्ट निघून जातं, आजोबांचं बरोबरच होतं. पण व्हाळ वाहता हवा. काळोखाचं मी पाळतो, वडील पाळायचे म्हणून. खात्री मात्र पावसानंतरच्या तोडीचीच देईन.

रानवाट: जंगलातल्या बांबूला हात लावू नका. 2017 च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू वन कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून वगळला, जंगलातला नाही. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गाव स्वतःच्या जंगलातला बांबू विकतं, पण सामूहिक वनहक्क मिळवून.

पडवीतला: जंगल रद्द. पडवीत पावसाची झड येते, वरून वॉर्निश मारलं की पुरे ना?

गिरमिट: वॉर्निश जरूर मारा, पण बाकडं भिंतीकडे सरकवा. हे औषध पाण्यात विरघळणारं, रोज भिजलं तर धुपून जाईल. पायांखाली चपटे दगड द्या, वाळवी खालूनच चढते.