नापास आवाज

'अमिताभ बच्चनला आकाशवाणीने नाकारलं, म्हणजे ऑडिशनला काही अर्थ नसतो' असं काही जण म्हणतात, ते मत मला पटत नाही. रेडिओ निवेदक अमीन सायानींचं उदाहरण बघा. हिंदीच्या चाचणीत त्यांनाही आकाशवाणीने परत पाठवलं, पण कारण सांगून: उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची छाप आहे. मग त्यांनी रेडिओ सिलोनच्या हिंदी कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगला बसून कान तयार केला आणि १९५२ साली त्यांचा सिनेगीतांचा कार्यक्रम, बिनाका गीतमाला, सुरू झाला. आठवड्याला २५ रुपये मिळत, म्हणून नवख्याच्या गळ्यात पडलेलं काम होतं ते!

माझंही तसंच झालं. मी जळगाव जिल्ह्यातल्या यावलकडचा, घरात 'ळ'चा 'य' व्हायचा. आकाशवाणीच्या हंगामी निवेदकाच्या आवाज चाचणीत बाजारभाव वाचायला दिले आणि मी 'जयगाव, केयी, डायिंब' असं धडाधड वाचून मोकळा. नापास. परीक्षक बाईंनी बाहेर येऊन एवढंच सांगितलं, "आवाज चांगला आहे, जीभ टाळूला लावायला शिका." वर्षभर रोज पहाटे केळीच्या बागेत पाणी धरताना 'काळा कावळा, पिवळी केळी' मोठ्याने म्हणत होतो. पुढच्या खेपेला निवड झाली. आणि खरी गंमत म्हणजे शेतकऱ्यांच्या मुलाखतींना तीच जुनी जीभ कामी आली. माईक पाहून गप्प बसलेले आजोबा, "काय म्हंतस भाऊ, औंदा केयीले काय भाव भेटना?" (यंदा केळीला काय भाव मिळाला?) असं विचारलं की अर्धा तास थांबत नसत.