शाळेत टॅब नको म्हणतात, मग पोरानं बोलायचं कसं?

गंगावेशची आई: मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम आहे, तोंडानं मोजकेच शब्द येतात पण टॅबवर जेलो ॲपमधली चित्रं दाबून काय हवं, काय नको ते सांगतो, आयआयटी मुंबईनं केलेलं फुकट ॲप आहे आणि मराठीत बोलतं. आता शाळा म्हणते टॅब घरी ठेवा, बाकीच्या मुलांचं लक्ष जातं. परवा बाथरूमला जायचंय हे सांगता आलं नाही, ओल्या चड्डीत बसून राहिला. मला हे अजिबात पटत नाही.

राजारामपुरीकर: ताई, पोराचं वाईट वाटलं, पण शाळेचं सगळंच चूक नाही ओ. आमच्या भाचीला असाच टॅब घेतला, चार दिवसांत यूट्यूब सुरू, काढून घेतला की डोकं आपटून घ्यायची. आणि बटण दाबून काम व्हायला लागलं तर पोरं तोंड कशाला उघडतील? आधी बोलायचा सराव होऊ दे की.

स्पीचवाली, शाहूपुरी: यूट्यूबचा त्रास खरा आहे, पण अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करता येतं, आयपॅडला गायडेड ॲक्सेस असतो, दोन्हीत स्क्रीन एकाच ॲपवर अडकते, पासकोड लावून ठेवला की मूल सहज बाहेर जाऊ शकत नाही. शक्य असेल तर बोलायचा टॅब वेगळाच ठेवा, त्यात गेम नकोतच. बोलणं थांबतं ही भीती मात्र सोडा. २००६ मध्ये अशा बोलायच्या साधनांवरच्या जुन्या अभ्यासांचा एक आढावा आला, त्यात ज्यांची माहिती पक्की होती अशा २७ जणांत एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडं वाढलंच होतं. थोडंच हं, चमत्कार नाही.

राजारामपुरीकर: २७ म्हणजे काय लय मोठा आकडा नाही. आणि वर्गात एक बाई, पंधरा पोरं, टॅबचं चार्जिंग कोण बघणार, फुटला तर भरून कोण देणार?

गंगावेशची आई: फुटला तर माझा फुटेल, तसं लिहून द्यायला तयार आहे. बाईंवर भार पडतो हे कळतं ओ मला, म्हणून शिकवायला मी स्वतः येते म्हटलं, तरी नाहीच. "आधी बोलू दे" म्हणता, तोवर पोट दुखलं तर काय करायचं त्यानं?

स्पीचवाली, शाहूपुरी: ताई, लेखी अर्ज करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये बोलायला पर्यायी साधनं वापरण्याला चालना द्यायची जबाबदारी सरकारवर टाकलीय, त्याचा उल्लेख करा. आणि तोवर त्याच चित्रांची प्रिंट काढून लॅमिनेट करा, बाथरूम, पाणी, दुखतंय, नको, एवढी तरी गळ्यात अडकवून पाठवा. त्याला चार्जिंग लागत नाही, त्यामुळं शाळेला नाही म्हणायला कारणही उरणार नाही.

राजारामपुरीकर: हे कार्डाचं पटलं. टॅबचं अजून नाही.