सेल्फ अप्रेझलमध्ये स्वतःला २, साहेबांकडून ४

मशीनशॉपवाली: चाकणला ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात मशीनशॉप बघते. हाताखाली २२ ऑपरेटर. 'लीडरशिप'समोर मी ५ पैकी २ लिहिले, साहेबांनी ४ केले. तेव्हापासून चैन नाही.

सकाळचा टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधी सगळ्यांसमोर बोलणं, ५ मिनिटांचा, पण पोटात गोळा आदल्या रात्रीपासून. संपला की टूल स्टोअरमध्ये जाऊन इन्सर्ट, म्हणजे कटिंग टूलची बदलायची पाती, मोजते. मोजायचे नसतात, तरी. शेजारी असेंब्लीचे साहेब बोलायला लागले की अख्खी लाइन हसते. माझ्याकडे माणसं येतात ती एकेकटी, चहाच्या सुट्टीत. परवा एक पोरगा हळूच म्हणाला, "मॅडम, दोन दिवस झाले, सकाळी बोअर सरकतोय." म्हणजे भोकाचं माप बदलतंय. उभं राहून बघितलं तर थंड मशीनवर पहिले काही पीसच बिघडत होते. वॉर्म-अप सायकल लावली, मिटलं. फॉर्म भरताना यातलं काही आठवलं नाही. आठवलं ते कस्टमर ऑडिट, जिथे माझा आवाज फुटला नव्हता.

तुमच्यात कोणी अबोल आहे का? स्वतःला किती देता?

रिटायर्ड_फोरमन: ताई, माझं शॉपवरचं नाव 'घुम्या'. तोंडावर नाही म्हणायचे एवढंच. ४ मुकाट्याने घ्या, इन्क्रिमेंट त्यावर असतं.

सांगलीचा_स्लिप: १९७१, ओव्हल कसोटी, इंग्लंडविरुद्ध जिंकायला १७३. शेवटच्या दिवशी आपले कॅप्टन अजित वाडेकर सकाळी येताच रनआउट, आणि ड्रेसिंग रूममध्ये चक्क झोपले. जिंकल्याचं इंग्लंडच्या केन बॅरिंग्टनने उठवून सांगितलं. स्टेट बँकेत होते, अप्रेझल भरलंच असेल. 'लीडरशिप'समोर काय लिहावं माणसाने?

रात्रपाळी: मी जरा उलटं बोलतो. आमचे आधीचे मॅनेजरही अबोल. रात्रपाळीची माणसं कमी केली ते आम्हाला नोटीस बोर्डवर कळलं. अबोल माणसाला वाटतं आपण शांत आहोत, समोरच्याला वाटतं साहेब नाराज आहेत. तुमचा तो पोरगा दोन दिवस का थांबला, विचारलंत का?

मशीनशॉपवाली: टोचलं. आज विचारलं. म्हणाला, "सकाळीच सांगणार होतो, पण टॉक संपला की तुम्ही लगेच आत जाता. काहीतरी महत्त्वाचं काम असेल वाटलं."

इन्सर्ट.