किनारा झाडून काय होणार, कचरा तर नदीतून येतोय

खाडीकाठचा: पावसात उधाण आलं की पुळणीवर बाटल्या, चपला, थर्माकोल यांचा खच पडतो आणि मग फोटोसाठी शाळेतल्या पोरांना झाडायला आणतात. माझं मत, हा खर्च चिपळूण, खेड, महाडच्या पऱ्यांवर, म्हणजे गावातल्या ओढ्या-नाल्यांवर करा. वर्षभर टाकलेलं पहिल्या मोठ्या पावसात वाशिष्ठी, जगबुडी, सावित्रीत जातं, तिथून खाडी, मग आपली पुळण.

हर्णैवाला: अर्धंच खरं हे. जाळ्यांचे तुकडे, दोर, फ्लोट काय पऱ्यातून आले? बोटीवरून फेकलेलं भरती परत आणून टाकते. आपल्या लोकांना बोलायला मात्र कोणी तयार नाही.

गाळपुराण: अहो पण नदीत पडलेलं सगळं समुद्रात जातं हे कोणी सांगितलं? खाडीत गोडं पाणी हलकं म्हणून वरून बाहेर जातं आणि खारं जड असल्यामुळे तळाने आत शिरतं, त्यात खाऱ्याशी गाठ पडली की बारीक माती एकमेकीला चिकटून खाली बसते. पिशवी तरंगते, पण तिच्यावर शेवाळ-माती बसली की तीपण बुडते. पाण्याची बाटली झाकण असेल तर आतल्या हवेमुळे तरंगते, फुटली की तळाला, कारण ते प्लास्टिक पाण्यापेक्षा जड. म्हणजे बराच माल कांदळवनात नि चिखलात अडकलेला, पुळणीवर दिसतो तो फक्त तरंगणारा. वाशिष्ठीचा गाळ काढताना हेच वर येतं, आणि ढीग काठावरच ठेवला तर पुढच्या पुरात परत आत.

खाडीकाठचा: मग गाळ काढायचाच नाही का? २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात ज्याच्या दुकानात पाणी शिरलं त्याला विचारा.

गाळपुराण: काढा ना, पण पूररेषेबाहेर न्या आणि प्लास्टिक आधी वेगळं करा. वाळू मात्र सोडा, ती उपसली तर पुळणीला वाळू पोचणार कुठून.

बाजारपेठकर: राज्यात २०१८ पासून पिशव्यांवर बंदी आहे, मच्छी अजून काळ्या पिशवीतच मिळते 😀

हर्णैवाला: आणि पऱ्याला जाळी लावायची म्हणत असाल तर ऐका, पहिल्याच पावसात ती पालापाचोळ्याने तुंबणार आणि पाणी बाजारात घुसणार. रात्री दोनला ती उपसायला कोण उभं राहणार?

खाडीकाठचा: नगरपालिकेची माणसं, पगारी. पोरांच्या हातात झाडू देण्यापेक्षा ते बरं.