कैद्यांच्या गोळ्या आणि आपला राग

जालनेकर:
जेलमध्ये एचआयव्हीची तपासणी फुकट, गोळ्या फुकट, वर समुपदेशक. इकडं आमच्या पीएचसीत दुपारून डॉक्टर दिसत नाही. गुन्हा करणाऱ्यांचे लाड कामून?

अंबाजोगाईची ताई:
दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. गोळ्या काय फक्त कैद्यांनाच फुकट आहेत? २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांतून, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या केंद्रांतून, सगळ्यांनाच मिळतात. संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, घाटीत जाऊन बघा. आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं शासनाच्या ताब्यातल्या माणसाला प्रतिबंध, समुपदेशन, तपासणी, उपचार यांचा हक्क दिलाय. 'गुन्हा करणारे' म्हणता, पण आत निम्म्याहून जास्त कच्चे कैदी आहेत, त्यांचा निकालच लागलेला नाही. माझा दीर बांधाच्या भांडणात आत गेला. गोळ्यांची बाटली घरी फळीवरच राहिली. चारचौघांत आजार कळेल म्हणून तो तोंड उघडेना. तीन आठवडे खाडा. जामिनावर सुटला तेव्हा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, वर गेलेला. आधी किती वर्षं नीट होता तो!

जालनेकर:
दिराचं वाईट वाटलं. पण मग सगळ्यांची सक्तीनं तपासणी करा, निघतील त्यांची बराक वेगळी करा.

ताई:
संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. बराक वेगळी केली की अख्ख्या जेलला कळलं, मग पुढं येईल कोण? एका ताटात जेवून हा आजार होत नाही. एकाच सुईनं होतो, निरोधाशिवायच्या संबंधानं होतो.

बीडचा कोयता:
जेलवर भांडा तुम्ही. ऊसतोडवाल्यांचं कोण बोलतं? दिवाळीनंतर पाच-सहा महिने जोडपी कारखान्यावर. मागच्या हंगामात आमच्या टोळीतल्या एका बाईच्या गोळ्या फडावरच संपल्या. तिथल्या केंद्रात म्हणाले, मूळ केंद्रात जा. उचल घेतलेली, मुकादम सोडतोय का?

परभणीकर:
जास्त महिन्यांच्या गोळ्या मागून घेता येतात. आधी सांगावं लागतं.

बीडचा कोयता:
सांगायला जायचं म्हणजे रोज बुडवायचा. पाचट कधी ओढलंय का? मग सल्ले नका देऊ.

ताई:
भाऊ, तुमचं खरंय. पण त्या बाईला निदान केंद्राच्या दारापर्यंत जाता तरी आलं. कैद्याला दवाखान्यात न्यायचं तर आधी पोलिसांची गारद मिळायला पाहिजे.

जालनेकर:
बरं, गोळ्या द्या. एवढंच मान्य. पण प्रतिबंध म्हणून जेलमध्ये निरोध वाटणं मला कधीच पटणार नाही.

ताई:
तुम्हाला पटलं नाही म्हणून आतले संबंध थांबत नाहीत. सुटल्यावर तो माणूस बायकोकडंच येतो ना? तिचा काय गुन्हा?

बीडचा कोयता:
फडातल्या गोळ्यांचं अजून कुणी बोललं नाही.