मिसाचा स्थानबद्धता आदेश वाचायचा कसा? (आणीबाणी, १९७५–७७)

जुनी_दफ्तरे :

तालुक्यातल्या आणीबाणीच्या बंदिवानांची यादी करायला घेतली आहे. हाती आलेले कागद दोन प्रकारचे आहेत. एकावर 'अंतर्गत सुरक्षा कायदा १९७१ (म्हणजे मिसा), कलम ३(१)(अ)(दोन)' असे लिहून खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांची सही. सोबतच्या दुसऱ्या पानावर 'कलम १६अ(३)' खालची घोषणा. कारण कुठेच दिलेले नाही. दुसऱ्या प्रकारात 'भारत संरक्षण नियम ३३, ४३' आणि कोर्टातला खटला क्रमांक आहे.

१) या दोघांनाही 'मिसाबंदी' म्हणायचे का?
२) कारणांचा कागद हरवला आहे की मुळात नव्हताच?
३) नागपूर खंडपीठाने बंदिवानांच्या बाजूने निकाल दिला होता म्हणतात. मग माणसे सुटली का नाहीत?
४) इंदिरा गांधींची निवड रद्द करणाऱ्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाला सुप्रीम कोर्टाची स्थगिती होती, तर धरपकडीची गरज काय पडली?

कलमकसाई :

पहिल्याचे उत्तर : नाही. सरसकट मिसाबंदी लिहिलेत तर यादी पहिल्याच दिवशी चुकेल.

मिसा म्हणजे खटल्याविना स्थानबद्धता. आरोप नाही, आरोपपत्र नाही, जामिनाचा प्रश्नच नाही. डीआयआर (भारत संरक्षण नियम, तुमचा दुसरा प्रकार) म्हणजे गुन्हा, अटक, कोर्ट, शिक्षा किंवा सुटका. नियम ३३ बंदी घातलेल्या संघटनांबाबतचा (४ जुलै १९७५ ला संघ, आनंदमार्ग, जमाते इस्लामी वगैरेंवर बंदी आली), ४३ 'घातक कृत्यां'चा, म्हणजे पत्रके, घोषणा इत्यादी. १४ नोव्हेंबर १९७५ पासून विरोधकांच्या लोकसंघर्ष समितीचा सत्याग्रह सुरू झाला, त्यातले बहुतेक लोक डीआयआरमध्येच सापडतील. इथे जामीन कागदावर होता, पण नियम १८४ आडवा यायचा : सरकारी पक्षाचे ऐकून घेतल्याशिवाय आणि आरोपी दोषी नसावा असे कोर्टाला सकारण वाटल्याशिवाय जामीन नाही. आणि जामीन मिळालाच, तर मिसाचा आदेश काढता येत होता. म्हणून एकाच माणसाचे दोन्ही प्रकारचे कागद निघाले तर गोंधळू नका. दोन नोंदी करा, पण माणूस एकदाच मोजा.

आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचे आकडे असे : देशभरात मिसाखाली ३४,९८८ आणि डीआयआरखाली ७५,८१८. महाराष्ट्रात ५,४७३ आणि ९,७९९. वर्तमानपत्री लेखांत या दोन्हींची बेरीज करून 'मिसाबंदी' म्हणून ठोकून देतात.

आणखी एक. मिसातला प्रत्येकजण राजकीय नव्हता. कंसातला शेवटचा आकडा बघा. 'दोन' म्हणजे राज्याची सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था. 'तीन' म्हणजे जीवनावश्यक पुरवठा व सेवा, तिथे साठेबाज व्यापारीही येतात. 'दोन'मध्येसुद्धा गावगुंड निघतात. तेव्हा कलमावरून पक्ष ठरवू नका.

बंदीप्रत्यक्ष :

दुसरा प्रश्न. कागद हरवलेला नाही. बंदिवानाला तो मिळालाच नव्हता.

मूळच्या १९७१ च्या कायद्यात साखळी अशी होती : आदेश जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांनी काढायचा, राज्य सरकारला लगेच कळवायचे, १२ दिवसांत सरकारची मान्यता आली नाही तर आदेश संपला. अटक झालेल्याला एरवी ५ दिवसांत, अपवाद म्हणून १५ दिवसांत कारणे लेखी द्यायची. ३० दिवसांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे. मंडळ नको म्हणाले तर सोडायचे.

२९ जून १९७५ च्या अध्यादेशाने १६अ घुसवले. 'आणीबाणी परिणामकारकपणे हाताळण्यासाठी ही स्थानबद्धता आवश्यक आहे' एवढी घोषणा केली की कारणे देणे बंद, सल्लागार मंडळही बंद. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या घोषणेला राज्य सरकारने १५ दिवसांत दुजोरा द्यायचा आणि दर चार महिन्यांच्या आत फेरविचार करायचा, तोही सरकारनेच, बंदिवानाला न ऐकता. तुमचे दुसरे पान म्हणजे हीच घोषणा. पुढे १६अ(९) आले : कारणे ही राज्याची गोपनीय बाब, ती कोर्टालाही दाखवायची नाहीत.

तारखा नीट ताडून बघा. आदेश, घोषणा, दुजोरा आणि प्रत्यक्ष अटक या चार तारखांचा क्रम लागला नाही तर ती लेखनिकाची चूक असेलच असे नाही. काही ठिकाणी, विशेषतः दिल्लीत, आधी उचलले आणि कागद मागाहून मागच्या तारखेने रंगवले, हे शाह आयोगाने नोंदवले आहे. कोऱ्या सायक्लोस्टाइल नमुन्यांवर आधी सह्या आणि नावे नंतर, असेही झाले. त्यामुळे तारीख 'दुरुस्त' करून यादीत भरू नका, आहे तशी उतरवा.

तिसरा प्रश्न. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने घटनेच्या अनुच्छेद १४, २१, २२ (समानता, जीवित व स्वातंत्र्य, अटकेपासून संरक्षण) साठी कोर्टात जाण्याचा हक्क गोठवला होता. तरी नऊ उच्च न्यायालयांनी याचिका ऐकता येते असे म्हटले, त्यात मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. पण 'ऐकता येते' म्हणजे 'सोडून द्या' नव्हे. सही करणाऱ्याला अधिकार होता का, माणूस तोच आहे का, मान्यता मुदतीत आली का, आकसाने केले का, एवढे तपासायची मुभा. सरकार तडक सुप्रीम कोर्टात गेले आणि २८ एप्रिल १९७६ ला जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असा निकाल आला : अशी याचिका करायचा अधिकारच कुणाला नाही. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले. बहुमतात न्या. य. वि. चंद्रचूड होते. हा निकाल २०१७ मध्ये खोडला गेला, त्या पीठात या चंद्रचूडांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते.

त्या तारखेनंतरची याचिका तुमच्या कागदांत दिसली तर ती बहुधा फेटाळलेलीच असेल.

रायबरेली_७१ :

चौथ्या प्रश्नावर. स्थगिती होती, पण लंगडी. १२ जून १९७५ ला न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी हरलेले उमेदवार राजनारायण यांच्या याचिकेवर इंदिरा गांधींची १९७१ ची रायबरेलीची निवड रद्द केली. मुद्दे दोन : यशपाल कपूर सरकारी सेवेत असताना त्यांच्याकडून करून घेतलेले निवडणुकीचे काम, आणि उत्तर प्रदेशच्या अधिकाऱ्यांनी सभांसाठी उभारलेली व्यासपीठे व ध्वनिक्षेपकांची वीज. मतांचा फरक एक लाखावर होता, म्हणून 'क्षुल्लक कारण' असे आजही म्हटले जाते. कायद्यात मात्र फरकाला किंमत नव्हती. २४ जूनला न्या. कृष्ण अय्यर यांनी पंतप्रधानपद राहू दिले, पण लोकसभेत मतदान नाही आणि खासदारकीचे वेतन नाही. दुसऱ्याच रात्री आणीबाणी.

धरपकडीचा उपयोग पुढच्या सहा आठवड्यांत बघा. अडवाणी, वाजपेयी आणि आपले राजापूरचे खासदार मधू दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरात होते, तिथेच धरले. २१ जुलैला अधिवेशन सुरू झाले तेव्हा विरोधी बाकांवरचे बरेच खासदार असे तुरुंगात. त्याच अधिवेशनात निवडणूक कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलला, म्हणजे वरचे दोन्ही मुद्दे निकालात. शिवाय पंतप्रधानांच्या निवडीचा वाद कोर्टाच्या कक्षेबाहेर काढणारी ३९ वी घटनादुरुस्ती : ७ ऑगस्टला लोकसभा, ८ ला राज्यसभा, ९ ला राज्यांच्या विधानसभा, १० ला राष्ट्रपतींची सही. सुप्रीम कोर्टातली सुनावणी ११ ला होती! ७ नोव्हेंबरला कोर्टाने घटनादुरुस्तीतला तो भाग रद्द केला, पण बदललेल्या निवडणूक कायद्यामुळे निवड कायम राहिली.

कलमकसाई :

@रायबरेली_७१, क्रम बरोबर, पण सगळे खापर एका निकालावर फोडू नका. मिसा १९७१ चा आहे आणि १९७४ च्या रेल्वे संपात तो कामगारांवर वापरून झाला होता. १२ जूनलाच गुजरातचे निकालही काँग्रेसच्या विरोधात गेले. निकालाने घाई केली, हत्यार आधीच तयार होते.

बंदीप्रत्यक्ष :

यादीसाठी शेवटचे. सुटकेची तारीख 'आदेश रद्द'च्या कागदावरून घेऊ नका, तुरुंगाच्या सुटका नोंदवहीतून घ्या. आदेश मुंबईत रद्द व्हायचा आणि येरवड्याला किंवा नाशिक रोडला नंतर पोचायचा. पॅरोलवर बाहेर असलेला माणूसही 'सुटला' म्हणून नोंदलेला सापडतो. १८ जानेवारी १९७७ ला निवडणुका जाहीर झाल्यावर पुढारी भराभर सुटले, पण सगळे एकदम नाही.

दिवसांना पैशाचेही वजन आहे. राज्याच्या २०१८ च्या मानधन योजनेत एक महिन्याहून जास्त कारावासाला दरमहा १०,००० आणि त्याहून कमीला ५,००० होते (२०२० मध्ये बंद, २०२२ मध्ये पुन्हा सुरू, २०२५ मध्ये दुप्पट). योजनेत मिसा आणि डीआयआर दोन्ही धरतात. २९ दिवस की ३२, हे नोंदवहीतल्या एका ओळीवर ठरते. त्या पानाची साक्षांकित प्रत मिळत असेल तर आत्ताच घेऊन ठेवा.