ऑक्ट्रिओटाइड टोचलं की फिस्टुला बुजला?

रानवारा: "ऑपरेशननंतर पोटाला फिस्टुला, म्हणजे आतड्यातून थेट कातडीवर उघडणारं भोक, झाला तर ऑक्ट्रिओटाइड सुरू करा, भोक बुजतंच, सर्जन उगाच महिनोन्महिने लटकवतात." उंबरठा यांची ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. या इंजेक्शनने स्राव घटतो, काही अभ्यासांत बुजायचा काळही घटलाय. जीव जास्त वाचतात हे मात्र सिद्ध झालेलं नाही. आत पू साठलाय, पुढे आतडं अडलंय किंवा तिथे कॅन्सर आहे, तर टोचत बसा! आधी जंतुसंसर्ग आवरा, पोषण द्या, मग औषधांच्या गप्पा. आणि साखर तपासत राहा, पित्ताचे खडेही होतात त्याने.

उंबरठा: सासऱ्यांचा स्राव दिवसाला लिटरभर होता. इंजेक्शनने निम्म्यावर आला, पुढे बुजला. डोळ्यांनी पाहिलंय. अभ्यास तुम्हालाच लखलाभ.

रानवारा: त्याच सुमारास पू काढला होता का? टीपीएन, म्हणजे शिरेतून पोषण, चालू होतं?

उंबरठा: नळी घालून काढला होता. टीपीएनही होतं. तरीही!

रानवारा: तरीही श्रेय इंजेक्शनला. धन्य आहे.

चिमणी: तुमचं चालू द्या. आईच्या पोटाची कातडी त्या स्रावाने सोलून निघाली होती, स्राव गोळा करायला चिकटवलेली पिशवी टिकायचीच नाही. त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही. वर येणारा-जाणारा सांगणार, "भरपूर पाणी पाजा". लहान आतड्याच्या वरच्या भागातून दिवसाला 500 मिलीच्या वर स्राव जात असेल, तर नुसत्या पाण्याने स्राव आणि सोडियमची गळती दोन्ही वाढतात.

तर्कट: म्हणजे तहानलेल्याला पाणी द्यायचं नाही? अघोरीपणा आहे हा.

चिमणी: बंद नाही, मोजून. बाकी मीठ-ग्लुकोजचं द्रावण. नीट वाचा हो!

तर्कट: माझ्या काकांना तसंच तडफडत ठेवलं होतं. ओठ फुटले होते त्यांचे. मोजून म्हणे!

चिमणी: शिरेतून सलाइन पुरेसं होतं का, ते विचारलंत कधी? राग पाण्यावर काढताय.

रानवारा: धागा औषधांचा आहे. लोपेरामाइड, आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या यांनीही स्राव उतरतो, त्यांचं नाव कुणी घेत नाही. महागडं इंजेक्शनच हवं सगळ्यांना.

उंबरठा: बरं, "बुजतंच" मधला "च" काढतो. झालं समाधान? पण लटकवतात ते लटकवतातच.

रानवारा: पोट आतून चिकटलेलं असताना घाईने उघडलं तर नवं भोक पडतं. म्हणून तीन-सहा महिने थांबतात.

तर्कट: आणि तोवर पाणी मोजून. छान.